अक्कांचा तीन किलोचा नमस्कार

आमच्या अपार्टमेंटमधल्या पाच जणांनी मिळून वजन कमी करायला घेतलं. किलो किती गेले ते सांगतेच, पण किस्से इतके साठले की आता कुणाकडं चहाला गेलं तरी फर्माईश होते, "तो काट्यावरचा सांग की!" एक सांगितला की दुसरा आठवतो, दुसऱ्यावरून तिसरा. किश्श्यांचं चरबीसारखंच असतं बघा. कधी साठले कळत न्हाय, अन एकदा बसले की उतरत न्हाईत!

पण हौस म्हणून सुरू झालं नव्हतं हे. ते आधी सांगते.

आमच्या वरच्या मजल्यावर अक्का राहतात. नाव मंगल, माहेर जळकोटचं. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. धाकटा भाऊ शिवा त्यांना अक्का म्हणतो, म्हणून आख्खी बिल्डिंग अक्का म्हणते. नवरा म्हणजे आमचे अप्पा, त्यांचं इथंच धाराशिवला मार्केट यार्डात आडतीचं दुकान. तर या शिवाच्या दोन्ही किडन्या गेल्या. सारखं सोलापूरला डायलिसिस. अक्का लगेच म्हणल्या, "माझी घ्या." तपासण्या झाल्या. रक्त जुळलं, सगळं सगळं जुळलं. मग डॉक्टर म्हणले, "फक्त वजन चौऱ्याऐंशी आहे. पंच्याहत्तरच्या आत आणा, मग ऑपरेशन करू."

म्हणजे बघा! भाऊ-बहिणीचं सगळं जुळलं, अन गाडी अडली कुठं, तर काट्यावर!

अक्का घरी आल्या अन जिन्यातच बसल्या. "दोन लेकरं झाली तवापासून किलोभर कमी झालं न्हाय माझं. नऊ किलो कुठून काढू?"

माझी आई म्हणली, "आम्हीपण करतो तुमच्यासंगं. एकटीनं कुणी जेवण सोडतंय व्हय?"

आईनं माझं न विचारताच नाव घातलं. दुसऱ्या मजल्यावरच्या नसीमभाभींना भावाच्या लग्नात जुना शरारा घालायचा होता, त्या आल्या. समोरचे गायकवाड सर शाळेत विज्ञान शिकवतात, शुगर निघालेली, तेपण आले. झाले पाच. काचेचा डिजिटल काटा मागवला. दर रविवारी सकाळी वजन, अन वजन झालं की शिवाचा फोन ठरलेला, "अक्का, किती भरलं?"

त्या फोनसाठी चाललं होतं सगळं.

*

पहिल्याच रविवारी घोळ! आमच्या पॅसेजमध्ये शहाबादी फरशी आहे. बिल्डरनं बसवली का फेकली माहीत न्हाय. काटा दाराजवळ ठेवला तर मी एकसष्ट, जिन्याजवळ ठेवला तर चौसष्ट, मीटरबोर्डाखाली ठेवला तर काटा डुगडुगून 'एरर' म्हणतोय.

गायकवाड सर म्हणले, "काटा सपाट अन टणक जागेवरच पाहिजे. नाहीतर रीडिंगला अर्थ नाही."

आख्ख्या बिल्डिंगमध्ये सपाट जागा शोधली. सापडली एकच. लिफ्ट!

काटा लिफ्टमध्ये ठेवला. नसीमभाभी चढल्या. सर चष्मा लावून वाकले, अन तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून कुणीतरी बटण दाबलं. लिफ्ट निघाली वर. काटा एकदम ब्याऐंशी!

"या अल्ला! कल तो छिहत्तर थी!" भाभी किंचाळल्या.

वरून पेपरवाला आत आला. आत भाभी काट्यावर, सर गुडघ्यावर बसलेले. तो बिचारा कोपऱ्यात चिकटून उभा राहिला. लिफ्ट निघाली खाली. काटा सत्तर!

सर लई खुश. त्यांनी तिथंच सुरू केलं, लिफ्ट वर जायला लागली की जास्त दिसणार, खाली सुटली की कमी दिसणार, हा नववीचा धडा आहे. पेपरवाल्यालापण ऐकावा लागला.

भाभींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं अन म्हणल्या, "सर, बाकी मेरेकू कुछ नक्को. मेरा वजन उतरते वक्तच लेना!"

*

मग सरांनी गवंड्याकडून कडप्प्याचा तुकडा आणला, सिमेंट लावून पॅसेजमध्ये पक्का बसवला, पाणसळ लावून सपाट बसलाय का बघितला. वर नियम केले. वेळ एकच. चहाच्या आधी. काट्याला हातानं दाबायचं, तो जागा होतो, शून्य दाखवतो, मग चढायचं. अन कपडे दर वेळी तेच!

मी नियम पाळणारी पोरगी. दर रविवारी तोच निळा ड्रेस घालायचे. वजन झालं की तसंच खाली दूध आणायला.

एका रविवारी समोरच्या गल्लीतल्या एक मावशी पिशवी घेऊन दारात. आईला बाजूला घेऊन हळूच म्हणल्या, "वाईट वाटून घेऊ नका. माझ्या सुनेचे दोन ड्रेस हायेत, एकदाच घातलेले. पोरीला दर वेळी एकाच ड्रेसवर बघून जीव तुटतो हो माझा."

आईचा चेहरा बघण्यासारखा! मावशी गेल्यावर माझ्यावर जी सुटली! "गावभर अब्रू घालवलीस माझी! कपाटात मावंना इतके कपडे हायेत अन..."

मी मुकाट्यानं आत जाऊन ते ड्रेस घालून बघितले.

दोन्ही तंग झाले! अब्रूचं सोडा, दुःख ते होतं.

*

आईचं वेगळंच. आमच्याकडं नळ काय रोज येत न्हाय. आला की पळापळ. पिंप, कळश्या, बादल्या, सगळं भरायचं. एकदा रविवारी पहाटेच नळ आला. आईनं पाणी भरलं, घामाघूम झाली अन तशीच काट्यावर चढली. अर्धा किलोच्या वर कमी! आनंदानं घरात आली, गटागटा तांब्याभर पाणी पिली, अन बाबांना दाखवायला परत चढली. सगळं परत जाग्यावर!

"मुडदा बशिवला काट्याचा!" आई म्हणली. तवापासून रविवारी वजन होईपर्यंत ती पाण्याचा थेंब घेईना. घसा कोरडा, त्यामुळं बोलेना. चूळ भरून नुसतं खुणा करणार.

बाबा दोन-तीन रविवार बघत होते. मग सरांना जिन्यात गाठून विचारलं, "सर, हे वजन रोज करता येईल का हो?"

*

हसत होतो, पण काळजी सगळ्यांनाच. मी तर रविवारी पाचलाच उठून पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालायचे. अक्कांनी भात सोडला, शेंगाची पोळी सोडली, सकाळ-संध्याकाळ चालणं. घरचा काटा पहिल्याच दिवशी एक्क्याऐंशी म्हणला होता. दवाखान्यात चौऱ्याऐंशी अन घरी एक्क्याऐंशी? भाभी म्हणल्या, "दवाखानेवाले जास्तीच बताते." आम्हाला ते पटलं. सोयीचं होतं ना, पटणारच.

हळूहळू उतरत गेलं. अन एका रविवारी आलं चौऱ्याहत्तर पॉइंट आठ!

काय दंगा! सरांनी टाळ्या वाजवल्या. आईनं अक्कांना मिठी मारली. शिवाचा फोन आला तर अक्कांनी तो माझ्याच हातात दिला, मीच ओरडले, "मामा, झालं! झालं!" पलीकडून तो नुसता "व्हय? खरं? व्हय?" एवढंच करत होता.

लगेच सोलापूर गाठलं. मीपण गेले संगं. दवाखान्याच्या काट्यावर अक्का चढल्या.

अठ्ठ्याहत्तर.

डॉक्टर म्हणले, "छान प्रगती आहे. अजून तीन किलो. मग बघू."

बाहेर शिवा डायलिसिस करून बाकावर बसला होता. चेहरा काळवंडलेला, हाताला पट्टी. त्यानं अक्कांच्या तोंडाकडं बघितलं, समजला. म्हणला, "असू दे की अक्का. मी कुठं चाललोय?"

परतीच्या बसमध्ये तुळजापूर मागं गेलं तरी अक्का बोटांवर किलोच मोजत होत्या.  

*

घरी आल्यावर कोर्टच भरलं. आरोपी, काटा!

अप्पा तावातावानं दुकानातून लोखंडी वजनं घेऊन आले. शिक्का मारलेली, तपासलेली. "आत्ता दूध का दूध करतो." वीस किलोचं ठेवलं. काटा म्हणला वीस. अजून वीस ठेवलं. चाळीस. अजून दहा. पन्नास. एका पॉइंटचा फरक न्हाय!

"काटा निर्दोष आहे," सर म्हणले. मग काट्यापुढं मांडी घालून बसले. "अक्का, आता तुम्ही नेहमी चढता तसं चढा. काही बदलू नका."

आता हे आम्ही सगळ्यांनी इतके रविवार बघितलेलं होतं, पण बघितलं नव्हतं. अक्का आडत्याच्या घरच्या. तिथं काटा म्हणजे लक्ष्मी. दिवाळीला त्याची पूजा होते. त्याला पाय लावायचा म्हणजे पाप. म्हणून अक्का आधी खाली वाकायच्या, दोन्ही हात काट्यावर टेकवायच्या, डोळे मिटून "ओम नमः शिवाय" म्हणायच्या, भावाचं नाव घ्यायच्या, मग हात कपाळाला लावून चढायच्या. चांगला सावकाश, भार टाकून नमस्कार!

सर ओरडले, "थांबा! तसंच थांबा! हात काढू नका!"

काटा जागा झाला होता. अक्कांचे हात वरच. अन त्यानं शून्य दाखवलं. म्हणजे अक्कांच्या हातांचा भार धरूनच शून्य! मग अक्कांनी हात काढले, तर काट्यावर वजा तीन!

"अक्का," सर घाम पुसत म्हणले, "तुमचा नमस्कार तीन किलोचा आहे!"

सगळे हसायला लागले. अक्का नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी. "मंजी त्या दिवशी त्येला उगीच सांगितलं व्हय?"

सर हळू आवाजात म्हणले, "सहा किलो खरेच गेलेत अक्का. चौऱ्याऐंशीचे अठ्ठ्याहत्तर. ते कुणी परत आणलेले नाहीत. आता फक्त नमस्कार उतरल्यावर करायचा."

अक्कांनी पदरानं डोळे पुसले. "आधी पाय द्यायचा अन मग माफी मागायची? गुरुजी, हे तर पुढाऱ्यावानी झालं!"

*

त्यानंतर अक्कांना धीर धरवेना. सकाळी चढणार, जेवून चढणार, पाणी पिऊन चढणार, फिरून आल्या की चपला काढायच्या आधी चढणार. शंभर ग्रॅम वाढलं की चेहरा पडणार. एकदा तर पाणीच कमी केलं त्यांनी. सर चिडले, "अहो, जी किडनी द्यायचीय तिलाच तहानेनं मारता का?" शेवटी आईनं काटा आमच्या घरात तांदळाच्या पिंपामागं लपवला. रविवारीच काढायचा.

दोन दिवस अक्का गप्प. आम्हाला वाटलं सुटलं एकदाचं.

तर अक्का अप्पांचा डबा घेऊन मार्केट यार्डात! अप्पा कुणा गिऱ्हाइकाशी बोलत होते. हमाल सोयाबीनची पोती मोठ्या काट्यावर टाकत होते, एकजण आकडा बघून मोठ्यांदा ओरडत होता. अक्का पोत्यांच्या लायनीत घुसल्या अन मोकळा झाला की चढल्या काट्यावर.

ओरडणाऱ्यानं मान वर केलीच न्हाय. "सत्त्याहत्तऽऽर! पुढचं टाका!"

सगळा यार्ड बघायला लागला. अप्पा पळत आले. "आरं ए! बायको हाय माझी!"

ओरडणाऱ्यानं आत्ता वर बघितलं, अक्कांच्या नऊवारीकडं बघितलं अन गंभीरपणे विचारलं, "मग मालक, बारदान किती धरू?"

रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात ना, ते बारदान! अप्पा घरी आल्यावर हे सांगताना इतके हसले की अक्कांनी रात्री त्यांना भाकरी वाढली अन कालवण वाढलंच न्हाय.

*

शेवटी आलं! नमस्कार उतरल्यावर करून, पाणी भरपूर पिऊन, खरंखुरं चौऱ्याहत्तर पॉइंट तीन. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत. शिवाच्या फोनवर अक्का एवढंच म्हणल्या, "बघू. तिथं गेल्यावर सांगते." मला रात्रभर झोप न्हाय.

दवाखान्यातला काटापण तेच म्हणला. थोडं साडीचं जास्त, पण पंच्याहत्तरच्या आत! सिस्टर म्हणली, "झालं मावशी, उतरा."

अक्का उतरेनात. "परत बघा."

परत बघितलं. तेच.

"दुसऱ्या सिस्टरला बोलवा."

दुसरी आली. तेच. तरी विश्वास न्हाय! लायनीत मागं एक जाडजूड काका उभे होते. अक्कांनी त्यांना विचारलं, "दादा, तुमचं वजन किती?"

"बासष्ट," काका छातीठोक म्हणले.

"चढा बरं. बरोबर दावतोय का बघू."

काका चढले. एकोणसत्तर!

अक्का पांढऱ्याफटक. काका त्याहून पांढरे. "शक्यच न्हाय! आमच्या घरचा काटा बासष्टच दाखवतोय!"

अक्कांच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. विचारलं, "दादा, तुमी पाया पडताव का काट्याच्या?"

*

ऑपरेशन झालं. दोघांचं चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आले तेव्हा अक्का गुंगीतच होत्या. मी अन अप्पा तिथंच. डॉक्टर म्हणले, "कसं वाटतंय?"

अक्कांनी एक डोळा उघडला. "डॉक्टर, एका किडनीचं वजन किती असतंय वो?"

"असेल दीडशे ग्रॅम."

अक्कांनी दुसरा डोळा उघडला. "दीडशे ग्रॅम द्यायला माझे नऊ किलो घेतले व्हय तुमी?"

*

आता हा शेवटचा. हा सांगितला की मी दुसरा सांगत न्हाय, कारण याच्यापुढं काही टिकत न्हाय.

डायलिसिसवाल्याला पाणी मोजून प्यावं लागतं, हे मला शिवामामामुळं कळलं. दिवसभरात अगदी थोडं. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा. कुणाच्या घरी गेला अन कुणी तांब्या पुढं केला की हसून बाजूला सरकवायचा. कित्येक महिने हेच.

नवी किडनी बसली, लघवी सुरू झाली, अन सिस्टरनं त्याच्यापुढं भरलेला जग आणून ठेवला. "दादा, आता भरपूर प्यायचं. दुपारपर्यंत हा संपला पाहिजे."

शिवानं ग्लास भरून घेतला. हातात धरला. अन पिईना!

सिस्टर रागावली, मग समजावलं. हा नुसता ग्लासकडं बघतोय. "पितो ना. जरा थांबा. पितो." अर्धा तास गेला तरी ग्लास भरलेलाच.

अक्कांना त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला भेटायला सोडलं होतं. तोंडाला मास्क, हळूहळू चालत, एक हात पोटावर. मला आत परवानगी न्हाय, मी दाराशीच उभी. दार अर्धं उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

शिवा म्हणला, "अक्का, हे आख्खा जग पी म्हणतेत."

"मग पी की."

"भ्याव वाटतंय. सवयच मोडली बघ."

अक्कांनी त्याच्या हातातला ग्लास घेतला. मास्क खाली ओढला, अर्धा ग्लास आपण पिऊन टाकला, अन उरलेला त्याच्यापुढं धरला. "घे. ल्हानपणी माझ्याच तांब्यातलं प्यायचास. पी."

सिस्टर धावतच आली. "अहो मावशी! काय करता! मास्क वर घ्या आधी! त्यांना उष्टं अजिबात चालत नाही! कुणाचंच नाही!"

अक्कांनी मास्क वर घेतला. ग्लास खाली ठेवला. अन त्या सिस्टरला म्हणल्या,

"बाई, माझी जल्मभराची वापरलेली किडनी चालली, अन घोटभर उष्टं पाणी चालत न्हाय व्हय?"